सव्विसावा आठवडा

बर्नीच्या धक्क्यावर लाकडाच्या ढलप्यांचा डोंगर
रात्रभर भिजलाय. त्याचा वास
आमच्या ऑफिसात फाइलींच्याही आधी पोचतो.
तीन टेबलं होती, एक विकलं.
उरलेल्यांपैकी एकावर मी,
आणि माझ्यासमोर किअरन ऑल्डेकर, म्हणजे त्याचे कागद.

वय एकतीस. जन्मापासून ऐकू येत नाही.
इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतो.
कोपऱ्याला कोपरा असा, की तिथली मुकादम विल्मा म्हणते,
याच्यापुढे इस्त्रीला काम उरत नाही.

घडीचा पुरावा चालत नाही.
पगाराची पावती चालते. सही, तारीख,
आणि आठवड्याचे तास पंधरा.
पावणेपंधरा म्हणजे शून्य.

सरकारी काम, सहा महिने थांब,
लोक हे थट्टेनं म्हणतात. आमच्या करारात ते छापलंय:
सव्वीस आठवडे, सलग.
सलग या शब्दाला तळटीप,
तळटिपेत एका परिपत्रकाचा क्रमांक,
त्या परिपत्रकाची नवी आवृत्ती
मंगळवारी निघाली.
जुनी मला पाठ होती.

वर्षातून एकदा डॉक्टरांचा दाखलाही लागतो,
अपंगत्व अजून आहे का?
डॉक्टर पेट्राकिसनं यंदा लिहिलं:
काल दुपारपर्यंत तरी होतं.
दाखला परत आला. तारीख स्पष्ट नाही म्हणून.

अठराव्या आठवड्यात त्याची मावशी गेली.
तीन दिवस तो आला नाही.
गैरहजेरीचं कारण निवडा:
आजार. रजा. यंत्र बंद. इतर.
‘इतर’वर बोट ठेवलं तर चौकट लाल झाली,
खुलासा करा, दोनशे अक्षरांत.
मी लिहिलं, मावशी वारली. तिनंच घड्या घालायला शिकवलं होतं.
शंभराच्या वर अक्षरं उरली.
मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

मार्चमध्ये होबार्टहून तपासनीस आला, मऊ आवाजाचा,
स्वतःचा डबा घेऊन.
पाच वर्षांपूर्वीच्या पावत्या मागितल्या. दिल्या.
जाताना त्यानं विचारलं,
तुम्ही या माणसांना भेटता कधी?
हा प्रश्न त्याच्या यादीत होता की नव्हता
ते कळलं नाही. मी म्हटलं,
जेवणाच्या सुट्टीत.
त्यानं काहीतरी लिहून घेतलं.

आज किअरन सहीला आला.
मी आतल्या खोलीत शिक्का शोधत होते,
तेवढ्यात त्याला टेबलावरचा पसारा बघवला नसणार.
परत आले तर ढीग सरळ,
आणि सगळ्यात वर मागणीचा अर्ज,
सही केलेला,
चार पदरी घडी घातलेला.
कोपऱ्याला कोपरा.

घडी पडलेले कागद जोडू नयेत, सूचना क्रमांक नऊ.
मी तो उलगडला, तळहातानं दाबला,
जाडजूड नियमावलीखाली पाच मिनिटं ठेवला
(तिचा झालेला हा पहिला उपयोग),
तरी स्कॅन केल्यावर पानाच्या मधोमध
एक करडी फुली राहिलीच.

दुसरा अर्ज छापता आला असता.
पण मग सही पुन्हा, तारीख पुन्हा,
आणि बस चार वाजून दहा मिनिटांची.
नाही, खरं सांगते,
मला ती फुली जाऊ द्यायची होती वर,
होबार्टला, कॅनबेराला, जिथं कुठं जातात ते सगळं.

पाठवलं.
तपासणी सुरू आहे, असं पडद्यावर आलं.
मंजूर झाला तर पुढच्या तिमाहीचं भाडं निघेल.
नाही तर दुसरं टेबल.

धक्क्यावर जहाजानं भोंगा दिला.
किअरननं खिडकीच्या काचेवर हात टेकला होता,
भोंगा संपल्यावरही थोडा वेळ तसाच.
मग हातानं मला विचारलं,
झालं का?
मी हात हलवून म्हटलं, झालं बहुतेक.
‘बहुतेक’ची खूण मला नीट येत नाही.
त्याला ती नुसतं ‘झालं’ अशीच दिसली असावी,
कारण तो हसला, टोपी घातली,
आणि जाता जाता माझी खुर्ची
टेबलाच्या कडेला समांतर करून गेला.